मिसिसिपीच्या खेड्यातल्या चर्चमधलं गाणं: ह्यात ताल कुठं धरायचा?

पखवाजी_करवीर

नमस्कार मंडळी. मी करवीर तालुक्यातला, नंदवाळच्या बाजूचा. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. वडीलही वाजवायचे.

पोरानं मोबाइलवर एक जुनं रेकॉर्डिंग लावून दिलं. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या कुठल्याशा खेड्यातल्या चर्चमधलं, काळ्या लोकांचं. वाद्य एकही नाही. आधी एक म्हातारा माणूस ओळ भराभर, जवळजवळ एकाच सुरात म्हणून टाकतो. मग अख्खी सभा तीच ओळ धरते आणि इतकी ओढते, इतकी ओढते की एका अक्षरात माझा दम संपतो. ज्याचा त्याचा गळा आपापल्या वाटेनं जातो, तरी फिरून सगळे एका ठिकाणी येतात. मी मांडीवर हात ठेवून सम शोधत बसलो. सापडली नाही. धुमाळी नाही, केरवा नाही, विलंबित एकताल म्हणावं तर तेही नाही. पण आत काहीतरी चाललंय हे नक्की, कारण ओळीच्या शेवटाला सगळे बरोबर येऊन थांबतात.

मंडळात ऐकवलं. आमचे विणेकरी आबा सत्तरी ओलांडलेले, इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘परत लाव.’ दुसरा एकजण म्हणाला, हे रडगाणं आहे, आणि आपलंही नाही, एकादशीच्या जागराला कशाला?

मला जाणकारांकडून हवंय ते असं. ह्याला ताल आहे का? तो पुढं म्हणणारा माणूस कोण, बुवा की पाद्री? शब्द पुस्तकातले की तोंडी आलेले? आणि जागराच्या रात्री मंडळासमोर हे लावलं तर कसं समजावून सांगू? मला ते लावायचंच आहे.

गायनाच्या_बाई

दादा, मी कोल्हापुरात शाळेत गायन शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमचं घर ख्रिस्ती. हे गाणं मी कितीतरी वर्षं ऐकत आणि त्याबद्दल मिळेल ते वाचत आले आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी तालाचं. मोजलेला ताल ह्यात नाही, मात्रा मोजत बसलात तर हाती काही लागणार नाही. श्वास ऐका. ओळ जिथं संपते तिथं सभेचा श्वास संपतो, आणि तो संपायच्या आत पुढं म्हणणारा पुढची ओळ टाकतो. एका चार ओळींच्या कडव्याला दोन-तीन मिनिटं सहज लागतात.

पुढं म्हणणारा बहुधा पाद्री नसतो. तो डीकन, म्हणजे मंडळीतलाच एक मानाचा वडीलधारा, आठवडाभर शेतात नाहीतर कारखान्यात राबणारा. बॅप्टिस्ट चर्चमध्ये पाद्री प्रवचनाला उभा राहायच्या आधी हे डीकन लोक प्रार्थना आणि गीत चालवतात. एकजण गुडघे टेकून प्रार्थना करतो, दुसरा गीत उचलतो. सूर कुणी द्यायला नाही, पेटी नाही. त्याच्या गळ्याला झेपेल तो षड्ज. ती पहिली ओळ तो एकटा म्हणत असतानाच मागून दोन-चार बायकांचे आवाज त्यात शिरायला लागतात. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ती जागा पुन्हा ऐका.

शब्द मात्र छापील पुस्तकातले, आणि तेही इंग्लंडमधले. आयझॅक वॉट्स नावाचा एक धर्मोपदेशक कवी होता, जन्म १६७४. त्याचा गीतसंग्रह १७०७ साली निघाला, आणि १७१९ साली त्यानं बायबलमधली स्तोत्रसंहिता पद्यात बसवली. त्याचं नाव ह्या गायकीला इतकं चिकटलं की काळ्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये ह्या जातीच्या सगळ्या गीतांना सरसकट ‘डॉक्टर वॉट्स’ म्हणतात. त्यातली कित्येक त्याची नाहीतच, चार्ल्स वेस्लीची आहेत, पण गाणाऱ्यांना त्याचं काही नाही.

ओळ देऊन गाण्याची रीतही तिकडचीच. १६४४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर सभेनं उपासनेचे नियम घातले. पुष्कळ लोकांना वाचता येत नाही तिथं कुणीतरी एकेक ओळ आधी म्हणावी आणि मग सगळ्यांनी ती गावी, असं त्यात होतं. पुढं १७२० च्या दशकात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात पाद्र्यांनीच ह्या गाण्याविरुद्ध मोहीम काढली. लोक आपापल्या मनाप्रमाणे आळवतात, बेसूर होतं, नोटेशन शिकून गा, असं त्यांचं म्हणणं. शहरांतून ही रीत हळूहळू उठली. दक्षिणेत ती राहिली आणि तिथं ती गुलाम केलेल्या माणसांच्या हाती आली. १७५० च्या दशकात व्हर्जिनियात सॅम्युअल डेव्हिस नावाच्या पाद्र्यानं त्यांना वॉट्सची पुस्तकं वाटली. त्यानं पत्रात लिहून ठेवलंय की पहाटे दोन-तीन वाजता जाग आली तर त्याच्या स्वयंपाकघरात जमलेल्या त्या लोकांचं गाणं चालूच असायचं.

आता छंदाचं बघा. वॉट्सची बरीच गीतं ८-६-८-६ अशा अक्षरांच्या ओळींची. आपला मोठा अभंग ६-६-६-४. तुमच्या मंडळात एक चाल बसली की त्या मापाचा तुकोबांचा कुठलाही अभंग तीवर म्हणता येतो की नाही? तसंच तिथं. म्हणून त्यांची जुनी गीतपुस्तकं बिनसुरांची, नुसत्या शब्दांची. चाली त्या त्या गावच्या गळ्यात. दोन गावांचं एकच गीत शेजारी शेजारी लावून ऐकलं तर ओळखू येणार नाही इतका फरक पडतो.

मला जे कळकळीनं सांगायचंय ते इथंच आहे. अनेकजण लिहितात की बिचाऱ्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून हे असं गायचे. वाचता येत नव्हतं हे खरं, आणि ते मुद्दाम येऊ दिलं नव्हतं. १८३० च्या सुमारास दक्षिणेतल्या अनेक राज्यांनी गुलामांना वाचायला शिकवणं हाच गुन्हा ठरवला. पण १८६५ साली गुलामगिरी संपल्यावर शाळा निघाल्या, पुस्तकं आली, नातवंडं वाचू लागली, आणि तरीही खेड्यापाड्यातल्या चर्चमध्ये डीकन ओळ देतच राहिला. अडचणीपुरती काढलेली सोय असती तर अडचणीबरोबर गेली असती. लोकांनी ती ठेवली, कारण ह्या गाण्यात ऐकणारा असा कुणी उरत नाही. आवाज फाटका असो, म्हातारा असो, त्याला जागा आहे. कोण षड्जावर, कोण पंचमावर, कोण दोन्हींच्या मधे घसरत. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठीचे दोर धरणारे आपापल्या बाजूला ओढतात आणि त्या ओढण्यामुळंच काठी उभी राहते, तसं. सगळ्यांनी एकाच बाजूनं ओढलं तर ती पडेल. मी शाळेत सगळी मुलं एका सुरात आणण्यासाठी अख्खी नोकरी घालवली आणि त्या शिस्तीचं मोल मी जाणते. पण सभा कशी गाते हे ऐकायचं तर मी ह्या लोकांकडे जाते, स्टेजवरच्या झगेवाल्या गॉस्पेल कॉयरकडे नाही.

रडगाणं म्हणणाऱ्या तुमच्या मित्राला सांगा, दुःख आहे, भरपूर आहे. शेवटचं कडवं पुष्कळदा शब्द सोडून नुसतं हुंकारत म्हणतात. जुनी माणसं सांगतात की हुंकारात केलेली प्रार्थना सैतानाला समजत नाही. पण त्याच गाण्यानं माणसं उठून उभीही राहिली आहेत. बर्नीस जॉन्सन रीगन ह्यांचा जन्म १९४२ चा, जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी शहराबाहेरच्या खेडवळ भागातला, वडील बॅप्टिस्ट पाद्री. त्या अकरा वर्षांच्या होईपर्यंत त्यांच्या चर्चमध्ये पियानो नव्हता, म्हणून गळा आणि टाळ्या एवढ्यावरच त्या वाढल्या. १९६१-६२ मध्ये ऑल्बनीत वर्णभेदाविरुद्ध लोक तुरुंगात जात होते तेव्हा चर्चमधल्या सभांतून हेच जुनं गाणं पुढं आलं, आणि त्या गाणाऱ्यांत रीगन होत्या. पुढं त्यांनी ह्या परंपरेचा अभ्यास केला आणि १९९४ साली त्यांच्या देखरेखीखाली स्मिथसोनियन संस्थेनं रेकॉर्डिंगचा चार भागांचा संच काढला. त्याचा दुसरा भाग सगळा सभागायनाचा आहे. तो मिळवा.

आमच्या कोल्हापूरकडे अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली आले. आमच्या चर्चमध्ये जे रुजलं ते गीतपुस्तक, पेटी, तबला आणि ना. वा. टिळकांची भजनं. ते मला प्राणाहून प्रिय आहे. पण गीताचा क्रमांक सांगितला जातो, पानं उलटली जातात, आणि ज्याच्याकडं पुस्तक नाही तो गप्प उभा राहतो. मिसिसिपीतला डीकन त्याला गप्प राहू देत नाही.

नंदू_अटलांटा

बाईंनी मन भरून लिहिलंय. मी मूळचा शुक्रवार पेठेतला, सध्या जॉर्जियात. पखवाजी दादांना मी तालाचीच गोष्ट सांगतो, कारण ताल असलेलं देवाचं गाणंही इथं आहे आणि ते मी समोर उभं राहून ऐकलंय.

जॉर्जियाच्या समुद्रकिनाऱ्यावर मॅकिंटॉश काउंटी आहे. तिथल्या बोल्डन वस्तीत ‘रिंग शाउट’ अजून जिवंत आहे. नावात शाउट असलं तरी ते ओरडणं नव्हे, गोल फिरत पावलं टाकणं. उजवीकडून डावीकडे, घड्याळाच्या उलट्या दिशेनं. पाय जमिनीवरून फारसा उचलायचा नाही आणि पायावर पाय ओलांडायचा नाही. ओलांडला की तो नाच झाला, आणि नाच देवाच्या घरात चालत नाही. एक गाणारा ओळ टाकतो, मागे उभे असलेले चार-पाच जण उत्तर देतात, त्यांना ‘बेसर’ म्हणतात. बायका फिरतात. आणि एकजण खुर्चीवर बसून झाडूचा दांडा लाकडी जमिनीवर आपटत असतो.

दादा, तो दांडा म्हणजे त्यांचा पखवाज. १७३९ साली शेजारच्या साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवत माणसं गोळा केली. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, कायदा करून ढोल बंद केले. वाद्य काढून घेतलं तेव्हा ते तळहातात गेलं, टाचेत गेलं, फळीत गेलं. टाळ्यांत आठाची ३-३-२ अशी वाटणी सारखी ऐकू येते. ती ऐकली की तुमचा हात आपोआप चालेल.

ह्या मंडळींनी १९८० पासून गावाबाहेर गायला सुरुवात केली आणि १९९३ साली त्यांना देशाचा लोककलेचा मोठा सन्मान मिळाला. पण त्यांचा खरा शाउट ३१ डिसेंबरच्या रात्री, त्यांच्याच चर्चमध्ये, पहाटेपर्यंत. १८६२ सालच्या त्या रात्री काळी माणसं जागत बसली होती, कारण उजाडल्यावर लिंकनची मुक्तीची घोषणा लागू होणार होती. जागर म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायला नको.

सतारमेकर_मिरज

एक छोटी भर. सगळंच तोंडी नव्हतं. अलाबामा राज्यातल्या ओझार्क गावी जज जॅक्सन नावाच्या काळ्या गृहस्थानं १९३४ साली, ऐन मंदीत, आपल्या लोकांनी रचलेल्या गीतांचं आकारांच्या नोटेशनचं पुस्तक काढलं. जज हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे. सुरांना आकार असतात: त्रिकोण फा, गोल सोल, चौकोन ला, शंकरपाळं मी. चार गट चौकोन करून समोरासमोर बसतात, म्हणणारा मधोमध उभा राहतो. आधी सगळे सुरांची नावं गातात, मग शब्द. आपण आधी सरगम म्हणून मग बंदिशीचे बोल घेतो, अगदी तसंच. आणि इथंही श्रोत्यांकडं तोंड कुणाचंच नाही.

रंकाळा_काठ

मी वाचलं होतं की गुलामांच्या गाण्यांत पळून जायच्या खुणा लपवलेल्या असत, कुठल्या नदीतून जा, कुठला तारा धरा वगैरे. बाई, ते सांगून लावलं तर पोरांना जास्त आवडेल का?

गायनाच्या_बाई

पोरांना आवडेल हो, पण ज्याचा पुरावा आहे तेवढंच सांगावं. तारा धरून उत्तरेकडं जायचं जे गाणं प्रसिद्ध आहे ते पहिल्यांदा छापलं गेलं १९२८ साली, गुलामगिरी संपून साठेक वर्षं झाल्यावर. अमुक गाणं म्हणजे अमुक नदीचा नकाशा, असं त्या काळच्या कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्याहून भक्कम साक्ष फ्रेडरिक डग्लसची आहे. तो स्वतः गुलामगिरीतून पळाला, आणि १८५५ सालच्या आत्मचरित्रात सांगतो की आम्ही कनान देशाला, म्हणजे बायबलात देवानं देऊ केलेल्या देशाला, निघालो असं गायचो तेव्हा मनात नुसता स्वर्ग नसायचा, उत्तर दिशा असायची. म्हणजे गाणं देवाचंच, आणि त्याच शब्दांत सुटकेची आसही. डग्लसनं दुसरंही एक लिहिलंय, १८४५ च्या पहिल्या पुस्तकात: गुलाम गातात म्हणजे सुखी आहेत असं समजणाऱ्यांइतकं चुकीचं कोणी नाही. हे पोरांना सांगा. त्यांना कळतं.

आणि ‘आपलं नाही’ म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये हॉवर्ड थर्मन आणि स्यू बेली थर्मन हे काळे अमेरिकन दांपत्य बारडोलीला गांधीजींना भेटलं, तेव्हा गांधीजींनी त्यांना एक गाणं म्हणायची विनंती केली. येशूला क्रुसावर दिलं तेव्हा तू तिथं होतास का, असं विचारणारं ते गाणं. त्यांनी ते तिथं बसून म्हटलं. नव्वद वर्षांपूर्वी जे बारडोलीत चाललं ते नंदवाळला न चालायला काय झालं?

पखवाजी_करवीर

बाई, नंदूभाऊ, सगळ्यांचेच आभार. तुमचं सगळं मंडळात वाचून दाखवलं. ‘ज्याच्याकडं पुस्तक नाही तो गप्प उभा राहतो’ ह्या वाक्यावर आबा बराच वेळ बोलत होते. आमच्यातही आता माइक बुवापुढं आणि पेटीपुढं, मागच्या टाळकऱ्यांचा आवाज कुणाला जात नाही. काहीजण नुसते टाळ हलवतात, तोंड बंद.

आता शेवटचं विचारतो. जागराला हरिपाठ झाल्यावर, रूपाच्या अभंगाआधी लावावं म्हणतोय. कुठलं लावू, आणि खालून पखवाजाची हलकी थाप दिली तर चालेल का? दांड्याचं वाचून हात शिवशिवतोय.

गायनाच्या_बाई

रूपाच्या अभंगाआधी नको. तिथं तुमचा ओघ तयार झालेला असतो, तो मोडू नका. मधल्या विसाव्याला, चहा फिरतो तेव्हा घ्या, आणि चहा उरकू द्या आधी.

वॉट्सनं पद्यात आणलेलं ११६ वं स्तोत्र शोधा, त्या खेड्यांतल्या चर्चमधलं फार लाडकं गीत आहे आणि त्याची रेकॉर्डिंग्ज सापडतात. आधी अर्थ मराठीत सांगा: देवावर माझं प्रेम आहे, त्यानं माझी हाक ऐकली, माझ्या कण्हण्याची कीव केली, जिवंत आहे तोवर संकट आलं की त्याच्याच दाराशी धावत जाईन. एवढंच. तुकोबांच्या माणसांना ह्यापलीकडं समजावावं लागणार नाही. मग एक कडवं पूर्ण लावा, मधे थांबवू नका, कितीही लांब वाटलं तरी.

थाप देऊ नका. मात्रा आली की श्वास मात्रेला बांधला जाईल आणि तुम्हाला जे ऐकवायचंय तेच जाईल. हात शिवशिवत असेल तर त्यानंतर नंदूनं सांगितलेला शाउट लावा आणि त्याच्या टाळ्यांवर खुशाल वाजवा, तिथं तुमच्या पखवाजाचं स्वागतच आहे.

आणि जमलं तर एक करून बघा. आबांनी ओळखीच्या अभंगाची एक ओळ नुसती म्हणायची, पेटी बंद, माइक बंद, आणि मागच्या सगळ्यांनी ती आपापल्या गळ्यानं, श्वास पुरेल तितकी ओढायची. आधी पोरं हसतील, हसू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला कोणी हसत नाही, मी शाळेत करून घेतलेलं आहे.

रेकॉर्डिंग मोबाइलवरून न लावता मंडळाच्या स्पीकरवर लावा. फक्त मिक्सरवरचा इको आठवणीनं बंद करा, नाहीतर मागचे आवाज एकमेकांत मिसळून जातील.